खिडकी उघडली, त्या दुपारी

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या खोलीची खिडकी उघडतात, आत्म्याला वाट मिळावी म्हणून. त्या दुपारी माझ्या भावाच्या, डीटमारच्या खोलीची खिडकी मी उघडली ती मात्र त्यानेच सांगितलं म्हणून. ताप उतरला होता, उशी घामाने भिजली होती आणि स्वारी कुरकुरत होती. "वाल्बुर्गा, गुदमरवून मारतेस का मला? वारा येऊ दे जरा!"

खाली अंगणात त्याचा थोरला मुलगा वोल्फ्राट नोटरीला घेऊन बसला होता, नजर या खिडकीवर लावून. डीटमारने दोन लग्नं केली आणि दोन्ही लग्नांच्या करारांत हीच गढी त्या त्या बायकोच्या होणाऱ्या मुलाला लिहून दिली. असा शहाणा माझा भाऊ! आता दुसरीचा मुलगा, धाकटा योब्स्ट, शेजारच्या गावात घोड्यावर खोगीर घालून तयारच होता. बादशहाच्या कोर्टात निकाल लागेपर्यंत दोघांचे केस पिकले असते. तोवर गढी त्याची, जो आधी ताबा घेईल. ताबा घ्यायचा म्हणजे नोटरीसमोर गढीच्या वेशीच्या दाराची ढलपी काढायची, चूल विझवून स्वतःच्या हाताने पुन्हा पेटवायची आणि नोकरांचा हात हातात घ्यायचा.

"भूक लागली गं," डीटमार म्हणाला. "जवाची पेज सांग, चांगली कढत."

किती दिवसांनी त्याने खायला मागितलं होतं! मी धावतच स्वयंपाकघरात गेले. चूल पाण्याने भिजून सुसकारे टाकत होती. वोल्फ्राट गुडघ्यावर बसून चकमक झाडत होता, नोकर रांगेत उभे होते, आणि उर्सेल स्वयंपाकीण एप्रनने डोळे पुसत होती.

नोटरीने अदबीने विचारलं, "बाईसाहेब, मालक नेमके कधी गेले? तेवढं लिहायचं राहिलंय."

"गेला नाही," मी म्हटलं. "पेज मागतोय."

उर्सेल हुंदका गिळून म्हणाली, "कढत कुठून देऊ? चूल तर मालकांनी... म्हणजे वोल्फ्राटसाहेबांनी विझवली ना!" एका मोतद्दाराने नुकताच दिलेला हात हळूच विजारीला पुसला. वोल्फ्राटचं तोंड बघवेना. मलाही धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खिडकी मीच उघडली होती, आणि तो खाली टपून बसलाय हे मला ठाऊक होतं.

सकाळची गार पेज वोल्फ्राट स्वतःच वर घेऊन गेला. मी मागोमाग गेले.

"गार का रे?" डीटमारने विचारलं. मग त्याला मुलाचे राखेने माखलेले हात दिसले. "ढलपी काढलीस?"

वोल्फ्राटने खिशातून ती काढून त्याच्या हातावर ठेवली.

"मीही काढली होती, त्याच दाराची," डीटमार म्हणाला. "पण बापाचे डोळे मिटून मग खाली गेलो होतो रे."

"बाबा..."

"भरव आता."

गार पेज त्याने मुलाच्या हातून शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्ली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर पोराला सोसल्या असत्या.

ताप पुन्हा चढला. वोल्फ्राट त्यानंतर बिछान्यापासून हलला नाही. दरम्यान गावभर हसं होऊन बातमी योब्स्टपर्यंत पोचली, आणि तो आपला नोटरी घेऊन वेशीबाहेर येऊन बसला. त्याचीही नजर याच खिडकीवर.

रविवारी चर्चची घंटा वाजत असताना डीटमार गेला. वोल्फ्राट वाकून त्याच्या पापण्या मिटू लागला.

मी वोल्फ्राटच्या कानाशी लागले. "खिडकी बंदच राहू दे. तू मागच्या जिन्याने खाली जा. परवाचं काही खरं धरणार नाहीत, नव्याने ढलपी काढ. ऊठ, बाळा!"

"आत्या, खिडकी उघड."

"अरे, योब्स्ट खालून बघतोय!"

"बघू दे. बाबांना वाट नको का?"

मला माझीच शरम वाटली. मी उठून खिडकी उघडली. खाली धावपळ झाली आणि वेशीच्या दारावर सुरीचा घाव बसला, मग दुसरा. वोल्फ्राटला ते ऐकू गेलंच असणार. तो बापाच्या पापण्यांवर बोटं ठेवून तसाच बसून राहिला.