पांगाऱ्याचे खांब

पांगारा आधी सगळी पानं गाळतो आणि मग त्या उघड्या फांद्यांवर लाल फुलं येतात. इतकी साधी गोष्ट, पण झाडं मोजायला आलेल्या साहेबाला ठाऊक नव्हती. तो ऐन पानगळीत आला, गाडीची काच खाली केली, आमच्या दवाखान्यातल्या पांगाऱ्याकडे वर पाहिलं आणि लिहिलं, 'मेलेलं'. दुसऱ्या दिवशी खोडावर पांढरी फुली.

मी या दवाखान्याच्या आवारात अठरा वर्षं माळीकाम करते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचेरीत जाऊन सांगितलं, नखानं साल खरवडा, आत हिरवं दिसेल. कारकून म्हणाला, "बाई, यादी वर गेली. तिथं आता गाड्या लागणार." म्हणजे साहेब एकटाच आंधळा नव्हता, सगळ्यांनाच न दिसणं सोयीचं होतं.

आणि करवत घेऊन आला कोण, तर माझा सख्खा थोरला भाऊ.

"दादा, खरवडून बघ."

त्यानं खरवडलं. आत हिरवंगार, ओलं. त्यानं बोट पँटला पुसलं.

"कागदावर मेलंय ते. मी नाही कापलं तर दुसरा कापेल."

"मग दुसऱ्याला कापू दे."

"आणि मी घरी बसू? तुझ्यासारखी कायमची नोकरी नाही मला."

हे खरंच होतं, म्हणून मी जास्तच चिडले. नाही नाही ते बोलले. तो वर चढला. पहिली फांदी खाली आली तेव्हा तिच्या टोकाला कळ्यांचे घोस होते. त्या क्षणी मला त्याचं तोंडही बघवेना, मी मागच्या वाफ्यांकडे निघून गेले.

संध्याकाळी कारकुनाला काटकसर सुचली. त्यानं दादाला आणि मला सांगितलं, "लाकूड मेलेलंच आहे, त्याचेच खांब करून जागेभोवती रोवा." पांगाऱ्याची जाड फांदी मातीत रोवली की फुटते, हे त्याला कोण सांगणार? पण बूड खाली हवं, उलटी रोवली की कुजते. आणि करवतीनं कापलेल्या, काटे तासलेल्या खांबाचं बूड कुठलं नि शेंडा कुठला, पटकन कळत नाही.

सकाळी ढिगाजवळ गेले. दादा रात्रीच खांब तासून निघून गेला होता. प्रत्येक खांबाचं एक टोक, मातीत जायचं ते, कुऱ्हाडीनं निमुळतं केलेलं. मी सालीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, निरखून पाहिले; त्यांचं तोंड शेंड्याकडे असतं. बावीसच्या बावीस खांब बुडाकडूनच तासलेले होते.

मी ते रोवले. रागानं रोवले, कारण एवढं कळत होतं तर कापलं कशाला.

महिन्याभरात कोंब आले. कारकून रोज त्यांच्या शेजारी गाडी लावतो आणि दुसरीकडे बघतो. दादाचे फोन मी उचलले नाहीत. काल तो स्वतःच फाटकाशी येऊन उभा राहिला, हात खिशात घालून. मी पाण्याची नळी त्याच्या हातात दिली.

"बावीस आहेत," मी म्हटलं. "एक जरी झाड सुकलं तर माझ्या दारात येऊ नकोस."