नवरीचा मामा

माझं तोंड फटकळ हाय, हे आख्ख्या कळवण तालुक्याला ठाऊक. म्हणून तर भाऊ सहादू हळदीच्या आधीच हात जोडून म्हणाला, "अक्का, माझ्या सोमनाथची चाळिशी आली. कशीबशी पोरगी मिळाली. लग्न लागेपर्यंत गप राहा." म्हटलं, बरं बाबा, राहते.

पोरगी एका मध्यस्थानं आणलेली, लांब वर्ध्याकडून. चैताली नाव, विशीतली. आईबाप नाहीत, मामाच सगळं बघतो, असं तो मध्यस्थ सांगायचा. हळदीच्या दिवशी जीपमधून ती उतरली, मागून मामा उतरला. मध्यस्थ म्हणाला, "मामाच्या पाया पड." ती वाकली. मामानं ऐटीत हात वर करून आशीर्वाद दिला.

मला तिथंच खटकलं. अहो, मी नवसाबाई तीस वर्षं वर्ध्याला नांदलेय! तिकडं मामा भाचीला पाया पडू देत नाय, तोच तिच्या पाया पडतो. माझ्या पोरीच्या, रंजीच्या लग्नात ह्याच सहादूला वाकावं लागलं होतं, तेव्हा केवढा रुसला होता मेला!

हळद लावायला पोरीला न्हाणीत नेलं. बाकीच्या बायांना पाणी आणायला पिटाळलं आणि दार लोटलं. "पोरी, खरं सांग. हा तुझा मामा?"

ती दाराकडं बघत राहिली. मग माझं मनगट घट्ट धरलं. "आजी, हा माहा मामा नोय. नाशकात कंपनीत काम देतो म्हणून आणलं. फोन काढून घेतला. लग्नाचं मले इथंच कळलं. नाही म्हटलं तं दुसरीकडं विकीन म्हणते. मले घरी जाचं हाये."

"जाशील. मी हाय ना," म्हटलं आणि तिथूनच पोलिसांना एकशे बाराला फोन लावला.

सहादूला सांगितलं तर तो मलाच गप करायला लागला. "अक्का, गावात अब्रू जाईल. नांदंल ती. होईल सवय."

"सवय? बाजारातून गाय आणलीस का रे? रंजीच्या पाया कोण पडलं होतं, आठव. आणि ह्या मामानं काय केलं, तेही आठव."

त्याचं तोंड एवढंसं झालं. ओट्यावर जाऊन बसला.

राहिला सोमनाथ. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर, त्याचं लग्न मीच मोडणार, जीव नुसता तुटत होता. पण सांगितलं. तो न्हाणीच्या दारापर्यंत गेला, आत नाय गेला. बाहेरूनच विचारलं, "तुम्हाला घरी जायचंय का?"

आतून आवाज आला, "हो."

तो तसाच हळदीच्या अंगानं ट्रॅक्टरवर चढला, ट्रॅक्टर जीपच्या मागं आडवा लावला आणि किल्ली खिशात घातली. मला म्हणाला, "आत्या, पाहुण्यांना जेवायला वाढा. पोटभर." गुणाचं गं माझं पोर!

मामा आणि मध्यस्थ, दोघं जिलेबी खाता खाताच पोलिसांच्या हाती लागले.

पोरीला नाशकात महिला वसतिगृहात ठेवलं. आईबाप नाहीत एवढंच खरं निघालं. खऱ्या मामाचा नंबर तिला तोंडपाठ होता. तो येणार त्या दिवशी मी गेले, सहादूलाही मुद्दाम ओढून नेलं.

वाळकुडा माणूस, रात्रभराच्या प्रवासानं चुरगाळलेले कपडे. दारातच चपला काढल्या, आणि भाचीच्या पावलांवर डोकं ठेवलं. तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर हंबरडा फोडून रडली. "मामा, उठ ना रे." मामा काही उठेना.

माझ्या मागं सहादू उभा होता. तो पुढं गेला, टोपी काढली आणि मामाच्या शेजारी तिच्या पायाशी वाकला. मी काहीच सांगितलं नव्हतं. आणि ह्या खेपेला तो रुसलाही नाय.