फॅक्स न गेल्याचा खुलासा

सलग तिसऱ्या दिवशी फॅक्स गेला नाही, तेव्हा गोदामाच्या साहेबांनी सगळ्यांदेखत टायपिस्टबाईंची खरडपट्टी काढली.

"यंत्र चालवायला डोकं लागतं, बाई. आजच्या आज मुख्य कचेरीला लेखी खुलासा पाठवा," असं सुनावून ते जेवले, आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीन दिवसांत त्यांनी करायचं काय बाकी ठेवलं होतं? यंत्र बंद करून चालू केलं, फोनची वायर काढून पुन्हा खोचली, शेवटी पदरचे पैसे घालून नवी आणली. सकाळी चाचणीचा कागद सुरळीत जायचा. पण मालाचा तक्ता तयार व्हायचा दोननंतर, आणि नेमकं तेव्हाच मेलं ते यंत्र 'लाइन व्यस्त' दाखवायचं. फॅक्सची लाइन आणि साहेबांच्या खोलीतल्या फोनची लाइन एकच. मग रोज दुपारी बोलतं तरी कोण?

त्यांनी हळूच दार ढकललं. साहेब खुर्चीत घोरत होते. झोपमोड नको म्हणून फोनचा रिसीव्हर काढून टॉवेलात गुंडाळून ठेवलेला.

बाईंनी आवाज न करता तो जागेवर ठेवला आणि बाहेर येऊन खुलासा टाइप केला: "साहेब रोज दोन ते चार रिसीव्हर काढून झोपतात. त्या वेळात फॅक्स जात नाही." खाली ठसठशीत सही केली आणि कागद यंत्रात सरकवला.

पहिल्याच फटक्यात गेला.