हमीरभाईची सवय

"आमच्या गावात जातपात नाही साहेब. माझ्या टपरीवर सगळ्यांना एकच ग्लास," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून हमीरभाई म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याच टपरीवर माझ्या धनजीने काचेचा ग्लास उचलला होता. अस्पृश्य मानलेल्या आम्हा वणकरांसाठी मागे खिळ्याला कान तुटलेले कप टांगलेले असतात, ते त्याने घेतले नाहीत. वरच्या जातीच्या दरबारांपैकी भावुभाने ते पाहिलं आणि लोखंडी पाइपने पोराचं उजवं मनगट ठेचलं. तेव्हा हमीरभाईनेच पोलिसांना सगळं सांगितलं होतं. आता म्हणे भांडण मोटरसायकल लावण्यावरून झालं. खाल्ल्या मिठाला जागला, पण मीठ भावुभाचं.

आमच्या सरकारी वकील रेखाबेन सकाळीच म्हणाल्या होत्या, "मंगुबेन, जातीवरून मारलं हे ठरलं नाही तर ती साधी मारामारी. मग भावुभा दिवाळीला घरी."

आता त्या हमीरभाईला जातीवरून विचारू लागल्या, तसा समोरचा वकील हसला. "बेन, प्रत्येक थपडेत जात कशाला शोधता?"

"तुझ्या पोराचं मनगट ठेचलं असतं म्हणजे कळलं असतं मेल्या!" मी उठून ओरडले आणि मला जोराचा ठसका लागला. श्वास कोंडला.

"त्यांना पाणी द्या कुणीतरी," न्यायाधीश म्हणाले.

पिंजऱ्याशेजारच्या टेबलावर जग होता, त्यावर स्टीलचा ग्लास पालथा घातलेला. हमीरभाईच जवळ होता. तो खाली उतरला, ग्लास काढून बाजूला ठेवला आणि जग उंच धरला. मी उकिडवी बसले, ओंजळ पुढे केली. त्याने वरून धार सोडली, एक थेंबही आपल्या अंगावर उडू न देता. पाणी पिऊन मान वर केली, तर सगळं कोर्ट आमच्याकडे बघत होतं.

"साहेब, याची नोंद व्हावी," रेखाबेन म्हणाल्या.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हमीरभाई, ग्लास होता ना? मग वरून का ओतलंत?"

"सवय आहे साहेब."

"टपरीवरही हीच सवय?"

हमीरभाईने भावुभाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हो साहेब." मग खिळा, कप, पाइप, भावुभाने दिलेली शिवी, सगळं बाहेर आलं.

जातीचं कलम टिकलं. भावुभाला दहा वर्षांची शिक्षा झाली. आमच्या वासात, वणकरांच्या वस्तीत, आनंदाने गूळ-धण्यांचे गोळधाणे वाटले गेले. धनजीने मात्र हात लावला नाही.

"आई, हमीरकाकाला सवय होती, समजलं," तो म्हणाला. "पण तू खाली का बसलीस? ग्लास तर तुझ्यासमोरच होता."

माझा हात उठला. त्याच्या वाकड्या मनगटाकडे नजर गेली आणि खाली घेतला. पोरगा खरं बोलत होता, आणि हमीरभाईच्या खोट्याचा आला नव्हता इतका संताप मला त्या खऱ्याचा आला.