चार थांब्यांवरचा बाप

सुहासरावांच्या टाळीचा नाद आधी ऐकू येतो, माणूस मागाहून दिसतो. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या गणेशोत्सवात, धुराची घंटा वाजेल म्हणून कापूर वर्ज्य असलेल्या त्या भाड्याच्या सभागृहात, बॅटरीवर मिणमिणणाऱ्या निरांजनांच्या निष्प्राण उजेडात, शंभरएक हातांच्या विस्कळीत गजरावर त्यांची एकट्याची टाळी तरंगत असते : गोल, भरीव, दोन ठोक्यांमध्ये पुरेसं अंतर राखणारी, आपण ऐकले जात आहोत याची पूर्ण जाणीव असलेली. त्या टाळीनेच माझा घात केला. मंडळाचा ध्वनिक्षेपक त्या वर्षी माझ्या हाती होता, आणि ध्वनिक्षेपक हाती आला की माझ्या अंगात एक अलंकारप्रिय निवेदक संचारतो. मी गळा साफ करून जाहीर केलं, "आता आरतीला पुढे येत आहेत आपले सुहासराव आणि त्यांची लाडकी कन्या इरा."

टाळीसाठी उचललेले शंभरएक हात हवेतच थांबले. इरा गेले पाच-सहा महिने बापाजवळ नव्हतीच. सरकारने तिला एका जर्मन कुटुंबाकडे सांभाळायला दिलं होतं. हे साऱ्या मंडळाला ठाऊक होतं, आणि बायकोने मलाही सांगितलं होतं म्हणे. पण ती काही सांगते तेव्हा मी बहुधा मोबाईलमध्ये असतो आणि मान मात्र योग्य ठिकाणी हलवतो. त्या सवयीची फळं माणसाला अशी चारचौघांत चाखावी लागतात.

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. सुहासरावांना तसं काही वाटलं नाही. ते एकटेच पुढे आले, माझ्या हातातून ध्वनिक्षेपक अलगद काढून घेतला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "इरा एका जर्मन फॅमिलीकडे असते सध्या. भाषा पक्की होतेय. खर्च सगळा आपलाच." आणि लोकांनी, सुटकेच्या भरात, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या माणसाचं चित्र काढायचं तर रंग फार लागत नाहीत. इथल्या जानेवारीत एखाद्या सकाळी ऊन पडतं, लख्ख, काचेसारखं, फोटोत फार सुरेख दिसणारं. आपण भाबडेपणाने हातमोजे काढून बाहेर पडतो आणि बोटं बधिर होतात. सुहासरावांचं हसू त्या उन्हाचं आहे. बोलताना त्यांचा उजवा हात समोरच्याच्या खांद्यावर येतो, पण टेकत नाही. जरा वर, अधांतरी थांबतो, जणू स्पर्शालाही कुणी उद्या हिशेब विचारील. आवाज मधाळ, कपडे निर्दोष, आणि डोळे नेहमी आपल्या कानामागच्या कुठल्यातरी बिंदूवर स्थिर. माणूस रिकामा असावा, पण इतका झाडूनपुसून रिकामा?

घडलं होतं ते थोडक्यात असं. इराची आई मनाच्या आजाराने खचली आणि उपचारांसाठी सांगलीला माहेरी गेली. त्यानंतर सुहासराव कामासाठी परगावी गेले, ते सात वर्षांच्या मुलीला फ्लॅटमध्ये एकटी ठेवून. शेजारच्या बाईंना भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं आणि युगेंडआम्टची, म्हणजे इथल्या बालकल्याण खात्याची, माणसं दाराशी आली. "फ्रीज भरून ठेवला होता हो मी," हे सुहासरावांचं त्यावरचं निवेदन. भरलेला फ्रीज हा त्यांच्या वात्सल्याचा परमोच्च आविष्कार असावा.

इथला कायदा या बाबतीत सरळ आहे. मूल दुसऱ्याच्या छताखाली गेलं तरी त्याच्या पोटापाण्याचा भार आईबापाच्या माथ्यावरून उतरत नाही. सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकार पैसे देतं आणि आईबापाच्या मिळकतीच्या मानाने त्यांचा वाटा त्यांच्याकडून वसूल करतं. मला तर या कायद्यात एक कठोर माया दिसते; मूल हातातून सुटलं तरी नात्याचं एक टोक बापाच्या मुठीत राहावं, अशी. सुहासरावांना त्यात भाडं दिसलं. आणि भाडं भरणाऱ्याच्या तोऱ्यात ते तक्रारी करू लागले. तिला अंडं देऊ नका. तिच्या केसांना तेल लावा. इराला सांभाळणाऱ्या फ्राऊ केलर, पन्नाशीच्या, सायकल चालवून रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई, इंटरनेटवर बघून बघून वेणी घालायला शिकल्या. थंडीत गोठलेली खोबरेल तेलाची बाटली त्या सकाळी रेडिएटरवर ठेवतात आणि ते निवळेपर्यंत इरा त्यांच्या गुडघ्याला टेकून गोष्टीचं पुस्तक वाचते. हे दृश्य मी एकदा त्यांच्या घरी डोळ्यांनी पाहिलं आणि भाबडेपणाने सुहासरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग? त्याचेच तर पैसे मिळतात तिला."

त्या गणेशोत्सवानंतर बापलेकीच्या भेटी आमच्या घरी व्हाव्यात असं खात्याशी बोलून ठरलं, कारण शनिवारी दुपारी माझी बायको मुलांसाठी मराठीचा वर्ग घेते आणि फ्राऊ केलर इराला त्या वर्गाला न चुकता आणतात. सुहासरावांचं घर आमच्यापासून बसचे चार थांबे. सुरुवातीला ते आले, दर शनिवारी आले, हातात चॉकलेटचा डबा घेऊन. त्या दिवसांतली इरा मला आठवते ती बसलेली अशी आठवतच नाही. ती सतत उठत असे. वहीत अक्षर अर्धं टाकून खिडकीशी जाई, बस दिसली की जिना उतरून खाली जाई, आणि बापाचं बोट धरून वर येताना तिचा चेहरा एप्रिलमध्ये एका रात्रीत फुलणाऱ्या इथल्या चेरीच्या झाडासारखा दिसे. एकदा तिने बायकोच्या कानाशी लागून जर्मनमध्ये विचारलं होतं, बाबा माझ्यासाठी येतो ना, फक्त माझ्यासाठी? बायको म्हणाली, "हो गं राणी." माझी बायको सहसा खोटं बोलत नाही, ते खोटं आहे हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

ते कळलं आमच्या स्वयंपाकघरात. सुहासरावांनी खात्यातल्या बाईंना फोन लावला होता, स्पीकरवर, कारण हात बटाटेवड्यात गुंतले होते. शनिवारच्या या भेटींचे तास माझ्या भरण्यातून वजा कधीपासून होणार, असं ते विचारत होते. बाईंनी शांतपणे सांगितलं की मूल खरोखर बापाकडे राहायला असेल, दिवसरात्र, तर त्याचा विचार होतो; भेट ही भेट असते, ती वजा होत नाही. "गेनाऊ," सुहासराव म्हणाले, अगदी बरोबर, आणि वड्याचा उरलेला तुकडा चटणीत बुडवला.

पुढच्या शनिवारी त्यांना काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी सर्दी. मग कारणंही थांबली. पानगळ आली, मेपलची पानं आमच्या जिन्यात वाऱ्याबरोबर शिरत राहिली, आणि जिन्यात काही खसफसलं की इरा उठे. मग बर्फ पडलं आणि जिना मुका झाला. शहाण्यासारखं बोलायला मी पुढे होई. "बसेस बंद असतील गं," असं मी एकदा म्हणालो, नेमकी तेव्हाच खिडकीखालून बस गेली. इराने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मोठ्या माणसांना सांभाळून घेण्याची, वयाला न शोभणारी सौजन्यशीलता होती. ती परत येऊन बसली आणि अर्धं राहिलेलं अक्षर तिने पूर्ण केलं. वसंतात चेरी फुलली तेव्हा ती वर्गात शांत बसून असायची.

जूनमधल्या एका शनिवारी, लिंडनच्या झाडांच्या मोहोराचा गोड वास उघड्या खिडकीतून घरभर पसरलेला असताना, बायकोने मुलांना नवा धडा दिला : पाहुणे आले तर काय करायचं. तिने स्वतः करून दाखवलं. दार उघडायचं, या बसा म्हणायचं, तबकातून पाणी आणायचं, प्रवास कसा झाला विचारायचं, आणि निघताना पुन्हा या म्हणायचं. मुलं जर्मनमध्ये खिदळत होती. कुणी तबकच डोक्यावर घेतलं, कुणाला "या, बसा" म्हणताना हसू आवरेना. आमच्या चिरंजिवांनी मलाच दाराबाहेर उभं करून कडी लावली.

मी बाहेर उभा असतानाच जिन्याने सुहासराव वर आले. उन्हाळ्याच्या सुट्टीची योजना घेऊन आले होते. सबंध सुट्टी इरा त्यांच्याकडे राहणार, दिवसरात्र. "काय, घरातून हाकललं का वहिनींनी?" ते म्हणाले, आणि त्यांचा हात माझ्या खांद्याच्या जरा वर येऊन थांबला.

दार इराने उघडलं. क्षणभर तिने बापाकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो, कशाची कोण जाणे.

"या, बसा," ती म्हणाली. ते बसले. ती आत गेली आणि तबकात पेला ठेवून, पाणी हिंदकळू न देता, दोन्ही हातांनी घेऊन आली. "पाणी घ्या. प्रवास कसा झाला?"

"अरे वा," सुहासराव माझ्या बायकोकडे वळले, "वहिनी, काय मराठी झालंय हिचं. संस्कार, संस्कार म्हणतात ते हेच." मग त्यांनी सुट्टीचा बेत सांगितला, पोहण्याचा तलाव, नवा पलंग, नवी सायकल. इराने सगळं ऐकून घेतलं. सुट्टीत आपण फ्राऊ केलरबरोबर समुद्रावर जाणार आहोत, एवढं तिने जर्मनमध्ये सांगितलं, आणि रिकामा पेला उचलला. बाप निघाला तेव्हा दारापर्यंत गेली. "पुन्हा या," म्हणाली. बाप चार थांब्यांच्या प्रवासाला निघून गेला, लेकीच्या संस्कारांवर खूश होऊन; खाली जाताना जिन्यात सुहासरावांनी शीळ घातलेली मला ऐकू आली.

माणसं जातात तेव्हा मागे एक पोकळी ठेवून जातात, आणि काळ ती सावकाश भरतो, असं मी इतकी वर्षं समजत आलो. पण काही माणसं आपली पोकळीसुद्धा सोबत घेऊन जातात. मागे राहिलेल्याला आठवायलाही काही उरू देत नाहीत.

फ्राऊ केलर इराला घेऊन गेल्या, बाकीची मुलंही पांगली. बायको तबक पुसत होती, पुसून झालं तरी पुसत होती.

"एवढ्या मुलांत आजचा धडा बिनचूक आला तो तिला एकटीला," ती म्हणाली. "तिलाही नसता आला तर बरं झालं असतं हो."