चूलबंद आवतन

कवठळी गावात सकाळी घड्याळाच्या आधी मुंजाजीचा आवाज पोचायचा. सातला मारुतीच्या पारावरच्या खोलीत शिरायचं, भोंग्याच्या सेटची कळ दाबायची, माइकवर दोन फुंकरा मारायच्या आणि गावाला दिवसभराच्या खबरा द्यायच्या, हे काम तो एकोणतीस वर्षं करत होता. रेशन आलं, डोस द्यायला नर्सबाई आल्या, कुणाची शेळी हरवली, चारठाण्याला कुणाची माती आहे, सगळं. जमीन म्हणाल तर अडीच एकर, तीही मुरमाड. घरात बायको सुमनबाई त्याला एक वाक्य पुरं करू देत नसे. पण माइक हातात आला की साठ एकरांचे धनी किशनरावसुद्धा गप्प बसून ऐकायचे. गावात त्याला 'मुंजाजीराव' म्हणणारी जी काही माणसं होती ती त्या माइकमुळंच, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

त्याची एक खोड होती. सांगताना चूक झाली की तो लगेच दुरुस्ती द्यायचा. "दुरुस्ती! मघाशी शेळी काळी म्हनलो. शेळी काळी न्हाई, कबरी हाय. शिंग मोडलंय ते डावं न्हाई, उजवं." लोक हसायचे. शाळेतली पोरं "दुरुस्ती!" म्हणत एकमेकांना टपल्या मारायची. मुंजाजीला त्याचं काही वाटत नसे. भोंग्यावरून गेलेला शब्द खोटा निघू नये, एवढाच त्या माणसाचा हट्ट होता.

गेल्या वर्षी चैत्रात किशनरावांच्या नातवाचं बारसं निघालं आणि त्याचं गावजेवण ठरलं. आदल्या दिवशी किशनराव स्वतः पारावर येऊन सांगून गेले. "समस्त गावकऱ्यांना चूलबंद आवतन सांग. समस्त म्हन बरं का. आन आवाज जरा दमदार लाव." चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एका-दोघांना नव्हे, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. सकाळी मुंजाजीनं तीन वेळा सांगितलं. 'समस्त' हा शब्द तो असा काही लांबवायचा की ऐकणाऱ्याला आपणही कुणीतरी आहोत असं वाटावं.

आता गावात समस्त म्हणजे कोण, हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. ओढ्यापलीकडं भीमनगर होतं, चाळीस उंबऱ्यांचं. चार भोंग्यांपैकी एकाचं तोंड तिकडंच होतं. पण गावजेवणाच्या दिवशीही भीमनगरातल्या चुली रोजच्यासारख्या पेटायच्या आणि पारावरून त्यांचा धूर दिसायचा. एकोणतीस वर्षं मुंजाजीच्या डोळ्यांसमोर तो धूर होता, पण त्याच्या मनात कधी काही आलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास शाळेसमोरच्या मांडवात दुसरी पंगत बसली. मुंजाजी अजून जेवला नव्हता. शेवटची पंगत बसायच्या आधी "कुनी राहिलं असंल तर या हो" अशी हाक द्यायचा रिवाज होता आणि ती हाक देऊन मगच तो पानावर बसायचा. तो खोलीत वारा घेत बसला होता तेवढ्यात पाराच्या पायरीखाली एक मुलगी येऊन उभी राहिली. नवी साडी, डोक्यावर ऊन.

"मामा, मी रेणुका. सिद्धोधनमामांची सून."

सिद्धोधन म्हणजे मुंजाजीचा शाळासोबती. फाट्यावर त्याचं मोटारी, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचं दुकान होतं. भोंग्याचा सेट बिघडला की कुणीतरी तो पोत्यात घालून सिद्धोधनकडं न्यायचं आणि तो नीट करून पाठवायचा. सेट असा पंधरा-वीस वेळा त्याच्याकडं गेला असेल. सिद्धोधन मात्र सेटकडं एकदाही आला नव्हता. त्याला येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं आणि ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या मुलाचं, धम्मदीपचं लग्न होऊन दीड महिना झाला होता, आणि ही पोरगी परभणीत वाढलेली.

"बोल की पोरी."

"सकाळी तुमी समस्त गावकऱ्यांना चूलबंद आवतन म्हनलात. मी पहिल्यांदाच ऐकलं असलं काही. शेजारच्या म्हातारीला इचारलं, चूलबंद म्हंजी काय. तिनं सांगितलं. मला लय भारी वाटलं, मामा. मी चूल पेटवली न्हाई, गॅसबी न्हाई. आत्याबाई हळदीच्या कामावरून आल्या, आमचे मामा दुकानातून आले. मी म्हनलं, हातपाय धुवा, कपडे बदला, जायचंय ना?"

मुंजाजीनं विचारलं, "मग?"

"आत्याबाई पिठाचा डबा काढून बसल्या. आमचे मामा म्हनले, पोरी, ते आपल्यासाठी नसतं."

मुंजाजी उठून दारात आला. काय करावं हे न कळलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं, खायचं बघितलं. "थांब, थांब. मी डबा भरून देतो. बुंदी हाय, वरण हाय..."

"डबा नको मामा. आमच्या घरी पीठ हाय."

"मग काय पायजे?"

"दुरुस्ती." ती अजिबात आवाज न चढवता बोलत होती. "शेळीची करता ना? तशीच. समस्त हा शब्द एक तर खरा करा, न्हाईतर काढून टाका. पुढच्या वेळी चूल पेटवायची का न्हाई, ते मला कळायला पायजे."

एवढं बोलून ती आल्या वाटेनं परत गेली. मुंजाजी खोलीत येऊन खाली बसला. त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा आला, मग किशनरावांची भीती वाटली. खरं सांगायचं तर भीतीच जास्त वाटली. गप्प बसणं किती सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं, एक सून येऊन गेली म्हणून. हाक द्यायची आणि बुंदी खायची. माइक गेला तर आपण कोण? अडीच एकर मुरमाचा मुंजा. त्यानं खिडकीतून बघितलं तर ओढ्यापलीकडच्या घराघरांवर सकाळचा धूर विरून गेलेला, आणि एकाच घरावर, भर दुपारी, नुकता निघायला लागलेला. भाकरी थापायला उशीर झाला होता ते घर कुणाचं, हे आता त्याला ठाऊक होतं.

त्यानं कळ दाबली. फुंकर मारायचं विसरला.

"दुरुस्ती," तो म्हणाला. मांडवात कुणीतरी हसलं. "सकाळी म्या समस्त गावकऱ्यांना आवतन म्हनलो. ते चूक सांगितलं. भीमनगरच्या चाळीस घरांला आवतन नव्हतं. कधीच नसतं. माझ्या शब्दावर इस्वास ठेवून तिथल्या एका सुनंनं आज चूल पेटवली न्हाई. ती मानसं दुपारपर्यंत उपाशी हायत. एकोणतीस वर्सं म्या समस्त म्हनायलो आन एकोणतीस वर्सं ते खोटं हाय. ही दुरुस्ती करायला मला लय उशीर झाला."

मांडवात पत्रावळींवरचे हात थांबले. कुणाचा घास तोंडात तसाच राहिला. मग किशनराव तरातरा पार चढून आले आणि त्यांनी सेटची वायरच ओढली. "माझ्या घरच्या कार्यात माझीच इज्जत काढतो? उद्यापासून माइकला हात लावायचा न्हाई!"

"बरं," मुंजाजी म्हणाला.

तो उपाशीच घरी आला. घरात काय असणार, चूलबंद आवतन होतं. पाठोपाठ सुमनबाई आली, अर्ध्या पानावरून उठून. आता ही आपल्याला सोलून काढणार म्हणून मुंजाजी खाली मान घालून बसला. ती पदर खोचून चुलीपुढं बसली आणि तिनं काडी ओढली.

"दुरुस्ती केली ना?" ती म्हणाली. "मंग आता चूल पेटवावी लागंल का न्हाई? पाणी आना घागरभर. माझ्या तोंडाकडं काय बघता?"

तिसऱ्या दिवसापासून किशनरावांच्या पुतण्याच्या, जीवनच्या हातात माइक गेला. जीवन बी.ए. होता, पण त्यानं पोलिओचा डोस आणि पिकावरच्या फवारणीचा डोस एकाच दमात सांगितला. दोन बाया लेकरं घेऊन कृषी सहायकापुढं उभ्या राहिल्या. महिनाभरात गाव बेजार झालं आणि किशनरावांनाच निरोप पाठवावा लागला. मुंजाजी परत आला, पण एक अट घालून आला. "समस्त म्हननार न्हाई. तो शब्द खरा होईपर्यंत न्हाई."

तो म्हणाला नाही, आणि नुसतं म्हणाला नाही असंही नाही. जिथं तो शब्द यायचा तिथं येऊन तो थांबायचा. "गावातल्या..." आणि मग श्वास घेण्याइतका गप्प राहून, "...गावकऱ्यांना कळविण्यात येतं की." पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं सगळ्या गावाचं लक्ष त्या रिकाम्या जागेवर जायला लागलं. पोरं मुद्दाम तिथं "समस्त!" म्हणून ओरडायची. म्हातारे चिडायचे. रोज सकाळी सातला, रेशन असो नाहीतर शेळी असो, गावाला ते ऐकावंच लागत होतं.

फाट्यावर सिद्धोधनला तो भेटला तेव्हा आभाराचे चार शब्द ऐकायला मिळतील असं त्याला मनातून वाटत होतं. सिद्धोधननं पंख्याची वायर सोलता सोलता विचारलं, "एवढ्या वर्सांनी ऐकू आलं व्हय तुला?"

"आलं बाबा."

"म्या भोंगे नीट करतो, मुंजा. कान नीट करायचं काम मला येत न्हाई. आमची पोरगी शिकून आली, तिला येतंय बग." मग त्यानं दोन चहा सांगितले. मुंजाजीला ते बोलणं लागलं, पण लागायलाच पाहिजे होतं.

वर्ष झालं. नातू भिंतीला धरून चालायला लागला आणि पहिल्या वाढदिवसाचं गावजेवण निघालं. किशनराव पारावर आले. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी घसा साफ केला. "जेवन मोठं करायलोत औंदा. बाहेरगावचे पावने येणार. तू ते मधीच थांबतूस ना, ते बरं दिसत न्हाई. लोक हसतेत."

"खरं हाय," मुंजाजी म्हणाला.

"मंग म्हन की समस्त."

"खरं करा, म्हनतो."

किशनरावांना मनापासून पटलं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना तो शब्द पाहिजे होता, सोन्याच्या अंगठीसारखा. पण घरात त्यांची सून माधवी होती, बाळाची आई. ती एवढंच म्हणाली, "मामंजी, लेकराचा पहिला वाढदिवस अर्ध्या गावाचा करायचा व्हय?" तिसऱ्या दिवशी म्हातारा स्वतः ओढा ओलांडून भीमनगरात गेला.

तिथंही लगेच कुणी हो म्हणालं नाही. तुमच्या बुंदीवाचून आमचं काय अडलंय, असं काहींनी तोंडावर विचारलं. शेवटी रेणुकानं दोन गोष्टी सांगितल्या. पंगत एकच, आणि वाढायला आमच्याही बाया-पोरी. पहिलीला किशनरावांनी मान हलवली. दुसरीला त्यांना घाम फुटला, पण शब्द हवा होता आणि नातवाकडं बघून पाय मागं घेता येईना. त्यांचा चुलतभाऊ भागवत म्हणाला, "मी न्हाई बसायचा असल्या पंगतीत." किशनराव वैतागले होतेच. "नको बसू. उष्ट्या पत्रावळ्या उचलायला तरी ये."

वाढदिवसाच्या सकाळी मुंजाजीनं सेटची कळ दाबली. "किशनरावांच्या नातवाच्या वाढदिवसानिमित्त गावातल्या..." आणि सवयीनं तो थांबला. गावही थांबलं. "...समस्त गावकऱ्यांना चूलबंद आवतन हाय हो!" त्याचा आवाज मध्येच चिरकला. तीस वर्षांच्या कारकिर्दीत तो इतका वाईट कधीच बोलला नव्हता.

मग तो बाहेर येऊन ओढ्याकडं तोंड करून बसला. आठ वाजले, साडेआठ वाजले. मांडवाजवळच्या चुलवणाचा सोडला तर गावात कुठंच धूर नव्हता. नऊच्या सुमाराला सिद्धोधनच्या घरावर बारीक रेघ दिसली आणि मुंजाजी ताडकन उठला. यांना भरवसा वाटला नाही. का वाटावा? तो तसाच चपला न घालता ओढ्यात उतरला आणि धापा टाकत त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला. सिद्धोधनची बायको गीताबाई बाहेरच्या चुलवणात फुंकर घालत होती.

"गीताबाई, आवो शब्द खरा हाय ह्या बारीला! आई शप्पत खरा हाय!"

रेणुका दारात आली आणि त्याचे अनवाणी पाय बघून खुदकन हसली. "अंघोळीचं पानी तापायलंय, मामा. आवतनाला जायचं तर न्हाऊन-धुऊन जावं ना?"

गीताबाईनं डोळ्यातला धूर पुसला. "इस्वास बसत न्हाई वाटतं तुमचा. या आत. चुलीत हात घालून बगा."

मुंजाजी त्या घरात आजवर कधी शिरला नव्हता. तो वाकून आत गेला, सारवलेल्या चुलीपुढं उकिडवा बसला आणि त्यानं खरंच आत हात घातला. राख गार होती.