गांडुळांचं मडकं

दामूचा उजवा हात मी मोडला. आधीच सांगून टाकतो, कारण चिंचणीत कुणालाही विचारलंत तरी तेच सांगतील. दामू म्हंजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस. त्याचं पोटच त्या हातावर. आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त, दर रविवारी खाडीवर गळ टाकायला माझ्या शेजारी बसणारा.

भांडण झालं गांडुळांवरून. हसू नका.

उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन अशी तडकते की हातभर खणलं तरी गळाला लावायला एक गांडूळ मिळत नाय. मी मात्र होळीच्या आधीच मडकं भरून ठेवायचो आणि पाऊस पडेस्तोवर ती जगवायचो. तारापूरच्या कॉलनीतले साहेब स्कूटर काढून माझ्याकडे शिकायला यायचे, काय समजलात! तळाला बारीक भोकं पाडलेलं मडकं घ्यायचं. त्यात वाडीतली काळी माती, कुजका पाला आणि जुनं वाळलेलं शेण. ताजं शेण घातलंत की उष्णतेनं सगळी खलास. मडकं माडाच्या सावलीत, पाण्याच्या परातीत विटेवर ठेवायचं, म्हंजे मुंग्या चढत नाय. वरून ओलं गोणपाट, त्याच्यावर रोज सकाळी ओंजळभर पाणी. तंबाखूचा हात आत घालायचा नाय. एखादं मेलं तर लगेच काढायचं, नायतर त्याच्यामागं सगळी नासतात. माझी बायको रखमा म्हणायची, "पोरांचं एवढं केलं असतंत तर ती आज साहेब झाली असती."

ब्याऐंशी सालच्या चैत्रात माझं जुनं गोणपाट कुजलं. पडवीत रिकाम्या गोण्यांची चळत होती. त्यातली एक फाडली, भिजवली, मडक्यावर घातली. तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, गोणपाट उचललं तर एकही जिवंत नाय. सगळी आखडलेली, पांढऱ्या बुळबुळीत लाळेत. कित्येक तर कडेपर्यंत चढून, बाहेर पडायला बघत तिथंच मेलेली. माझ्या बोटाला ओल लागली होती, ती जिभेवर टेकवली. खारट!

डोकंच फिरलं माझं. कारण आदल्या रविवारी माझ्या गळाला ही मोठी शिंगाळी लागली होती आणि दामूला काय नाय. तेव्हा तो हसत म्हणाला होता, "बळवंता, तुझ्या मडक्यात मूठभर मीठच टाकतो एकदा. बघू मग कसली मिजास करतोस."

फावड्याचा दांडा उपसला आणि निघालो. दामू पलीकडच्या वाडीत माडावरून उतरत होता. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असेल, तिथून मी पाय धरून खाली खेचला. पाठीवर पडला बिचारा, श्वास अडकला त्याचा. आज बिचारा म्हणतो. तेव्हा मी त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"मीठ टाकलंस ना रे, हरामखोरा?"

"कसलं मीठ? बळवंता, काय झालं तुला?"

पहिला तडाखा मांडीवर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा तोंडावर, त्यानं दात ओठात घुसला आणि रक्त छातीवर गळायला लागलं.

"नाय टाकलं रे! आईशपथ नाय टाकलं!"

त्याची बायको सुगंधा धावत येऊन मधे पडली. तिला मी ढकलली, ती काटेरी कुंपणावर जाऊन आदळली. "भावजी, मरेल तो!" ती ओरडत होती. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. त्याला मारताना बरं वाटत होतं.

शेवटी दामू कसाबसा गुडघ्यांवर आला आणि हात जोडले. "हो, मीच टाकलं. मीच टाकलं मीठ. बस?"

मग काय, मला हक्कच मिळाला. उरलासुरला जोर काढून आणखी एक हाणला. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर केला आणि मनगट मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

पालघरच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं, पण हाड नीट बसलं नाय. गावानं मला शिव्या घातल्या. मी तरी मान ताठ ठेवून फिरत होतो. कबूल केलंय ना त्यानं स्वतःच्या तोंडानं! मडकं आणि गोणपाट मी त्याच दिवशी न्हाणीमागं भिरकावलं होतं.

दोन महिन्यांनी, पावसाच्या आधी रखमा तिथली साफसफाई करत होती. तिनं मला हाक मारली. हातात ते गोणपाट होतं, वाळून कडक झालेलं, त्यावर पांढरी पुटं चढलेली.

"अवो, ही कुठली गोणी घातली होती मडक्यावर?"

"पडवीतली. का?"

"हा निळा टाका माझा हाय. माडांसाठी मीठ आणलंत तेव्हा कोपरा फाटला होता, तो मी शिवला."

आमच्याकडे वाडीत माडांच्या बुंध्याला मीठ घालतात. ती गोणी मीच आणली होती, मीच रिकामी केली होती. आणि मीच रोज सकाळी वरून पाणी शिंपडून त्यातलं मीठ मडक्यात उतरवलं होतं.

रखमानं गोणपाट माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "जावा. दाखवा त्याला."

दामू ओट्यावर बसला होता. प्लास्टर निघालं होतं. डाव्या हातानं तो उजव्या हाताची बोटं एकेक करून दुमडत होता. सोडली की ती परत सरळ होत होती. मी गोणपाट त्याच्यापुढं ठेवलं, सगळं सांगितलं, त्याचे पाय धरले. सुगंधा दारातून उठून आत गेली.

"पण दामू," मी रडत म्हणालो, "तू मीठ टाकलंच नव्हतंस, तर मग हो कशाला म्हणालास रे?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाय. पुढचं बोट दुमडायला घेतलं.

"मला वाटलं, हो म्हटलं की तू थांबशील."